गावातले सार्वजनिक वाय-फाय: ग्रामपंचायतीने चालवावे की दुकानदाराने?

घाटमाथा (प्रश्न)

नमस्कार. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातल्या एका ग्रामपंचायतीचा मी सदस्य आहे. गावठाण आणि तीन वाड्या मिळून आमची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास आहे. येत्या ग्रामसभेपुढे सार्वजनिक वाय-फायचा विषय येणार असून त्यावर सदस्यांमध्ये सरळ तट पडले आहेत, म्हणून जाणकारांचा सल्ला घेण्यासाठी हा धागा काढत आहे.

ग्रामपंचायत कार्यालयात काही वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून फायबरची जोडणी आली. भिंतीवरच्या पेटीत मोडेमसारखे यंत्र आहे, ते चालूही होते. परंतु रस्ता रुंदीकरणाचे काम झाल्यापासून त्यावरचा एक लाल दिवा सतत पेटलेला असतो आणि इंटरनेट येत नाही. आपले सरकार सेवा केंद्राचा चालक स्वतःच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दाखले काढतो. गावठाणात मोबाईलची रेंज बरी आहे, पण दोन वाड्या खोऱ्यात असल्यामुळे तेथील माणसाला बँकेचा ओटीपी यायचा तरी टेकाडावर चढावे लागते.

काही सदस्यांचे म्हणणे असे की चावडीसमोर आणि देवळाच्या पारावर ग्रामपंचायतीने मोफत वाय-फाय द्यावे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की आता घरटी एक तरी स्मार्टफोन आहे, डेटा स्वस्त आहे, मग पंचायतीच्या पैशाने मुलांना रात्री उशिरापर्यंत व्हिडिओ दाखवण्याचे कारण काय? यातच एसटी थांब्यावरच्या किराणा दुकानदाराने पीएम-वाणी या केंद्र सरकारच्या सार्वजनिक वाय-फाय योजनेखाली स्वतः हॉटस्पॉट लावून पैसे आकारण्याची तयारी दाखवली आहे, आणि ‘सार्वजनिक सोय एका दुकानदाराच्या हाती कशाला?’ असा आक्षेप त्यावर लगेच आला आहे.

मला मुख्यतः तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. असे वाय-फाय आजही उपयोगाचे आहे का, ते कोणी चालवावे, आणि आमच्याकडे आधीच आलेल्या फायबरचा त्यात वापर होऊ शकतो का?

फायबरजोड

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मी नाशिक परिसरात स्थानिक ब्रॉडबँड सेवा देण्याच्या व्यवसायात आहे आणि फायबर जोडणे हे माझे रोजचे काम आहे.

तुमच्या पेटीतल्या यंत्राला ओएनटी म्हणतात; फायबरमधून प्रकाशाच्या रूपात येणारे इंटरनेट ते राउटरला समजेल असे करून देते. त्यावर ‘पॉन’ नावाचा हिरवा दिवा स्थिर असेल तर प्रकाश व्यवस्थित येत आहे असे समजावे. ‘एलओएस’ हा दिवा लाल असेल तर तालुक्याच्या बाजूने येणारा प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाही. त्या अवस्थेत तुम्ही कितीही भारी राउटर आणून लावलात तरी काही होणार नाही. आधी तंत्रज्ञाकडून ऑप्टिकल पॉवर मीटरने पातळी मोजून घ्या. साधारणपणे उणे २७ डीबीएमपेक्षा (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) खाली गेलेला सिग्नल ओएनटीला पकडता येत नाही. कधी कधी दोष कार्यालयाच्या भिंतीतच असतो: पॅचकॉर्ड (यंत्राला जोडणारी छोटी फायबर वायर) काटकोनात वाकलेली असते, कनेक्टरवर धूळ बसलेली असते किंवा उंदराने वायर कुरतडलेली असते. तुमच्या वर्णनावरून मात्र रुंदीकरणात केबल तुटली असण्याची शक्यता जास्त वाटते, आणि ती जोडून घेणे हे लेखी पाठपुराव्याचे काम आहे. सरपंचांच्या सहीचे पत्र तालुका स्तरावर गटविकास अधिकाऱ्यांना आणि योजनेची देखभाल करणाऱ्या यंत्रणेला द्या, तक्रार क्रमांक घ्या आणि तो ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवा. यापुढे गावात कोणीही जेसीबी लावणार असेल तर खोदण्याआधी केंद्र सरकारच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर सूचना देण्याचा आग्रह धरा. हे ॲप मार्च २०२३ पासून उपलब्ध आहे, तरी ग्रामीण भागातील बहुतेक ठेकेदारांना त्याचे नावही ठाऊक नसते.

आता क्षमतेचा हिशोब. जोडणी १०० एमबीपीएसची आहे आणि एका वेळी ५० माणसे ती वापरत आहेत असे धरले, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएस येतात. अर्ज भरणे, सातबारा उतरवून घेणे, शाळेचा धडा मध्यम दर्जाच्या चित्रात पाहणे याला तेवढे पुरते. परंतु त्यांपैकी दहाजणांनी मोठ्या आकाराचे चित्रपट उतरवायला घेतले तर उरलेल्या चाळीसजणांना काहीच मिळत नाही, म्हणून प्रत्येक वापरकर्त्याच्या वेगावर मर्यादा घालणारे यंत्र लागते. ही सोय आता मध्यम किमतीच्या उपकरणांतही येते, फक्त ती चालू करून ठेवणारा माणूस हवा.

पाराच्या मोकळ्या जागेत एक चांगला बाहेरचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पसरवणारे यंत्र, शंभरेक मीटरपर्यंत कामाचा सिग्नल देतो. दगडी भिंती मध्ये आल्या की हे अंतर झपाट्याने घटते. तेव्हा ‘गावभर वाय-फाय’ हा शब्दप्रयोग ठरावातून काढून टाका. होणार आहे ते दोन-तीन ठिकाणी बसून वापरण्याजोगे वाय-फाय. खोऱ्यातल्या वाड्यांचा प्रश्न वेगळा आहे. कार्यालयाच्या गच्चीवरून वाडी दिसत असेल तर ५ गिगाहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्यावर दोन लहान अँटेना समोरासमोर लावून काही किलोमीटरपर्यंत जोडणी नेता येते; मध्ये डोंगराची सोंड आली तर वरच्या टेकाडावर सौर पॅनेलसह एक मधला टप्पा करावा लागतो. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर भागातील गावांत अशाच बिनतारी दुव्यांनी इंटरनेट पोचवले होते, आणि मोझिलाच्या २०१७ मधील स्पर्धेत त्याला पुरस्कारही मिळाला. त्यातली तांत्रिक कल्पना जितकी महत्त्वाची, तितकीच त्यांची चालवण्याची रचनाही महत्त्वाची होती: पंचायत आणि गावातला एक उद्योजक यांची भागीदारी, आणि उद्योजकाचा त्यात आर्थिक वाटा.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट आहे: दुकानदाराला चालवू द्या. पीएम-वाणीला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी ९ डिसेंबर २०२० रोजी मिळाली. तीत हॉटस्पॉट लावणाऱ्या दुकानदाराला, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस किंवा पीडीओ चालवणाऱ्याला, परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही आणि शुल्कही नाही. त्याच्या वर पीडीओए नावाची नोंदणीकृत कंपनी असते, ती वापरकर्त्याची ओळख पटवणे आणि हिशोब ठेवणे ही कामे पाहते. वापरणारा एकदा ॲपमध्ये मोबाईल क्रमांकाने नोंदला गेला की योजनेतील कोणत्याही हॉटस्पॉटवर जोडला जाऊ शकतो. दोन ते वीस रुपयांची छोटी पाकिटे विकावीत, अशी कल्पना ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७ मधल्या चाचणीपासून मांडली गेली आहे. रात्री आठ वाजता वाय-फाय बंद पडले तर ज्याची विक्री बुडते तो माणूस उठून बघतो. कार्यालयातले बंद पडले तर सोमवारपर्यंत थांबावे लागते.

हिशेबी

दुसऱ्या गटाचे म्हणणे इतक्या सहज बाजूला सारू नये. या देशात सार्वजनिक वाय-फायचा सर्वांत मोठा प्रयोग रेल्वे स्थानकांवर झाला. गूगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरुवात केली, २०१८ च्या मध्यापर्यंत ४०० स्थानके झाली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. कारण देताना मोबाईल डेटा किती स्वस्त झाला आहे हेच सांगितले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतर दर कोसळले आणि वाय-फायची गरजच बदलली. रेलटेलने सेवा पुढे चालू ठेवली, ती आज सहा हजारांहून अधिक स्थानकांवर आहे, हे खरे; पण ती रेल्वेच्या स्वतःच्या फायबरवर आणि पहिला अर्धा तास मोफत, पुढे पैसे, अशा पद्धतीने चालते.

राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणाने २०१८ मध्ये उद्दिष्ट ठेवले होते २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे. २०२५ च्या सुरुवातीला पीएम-वाणीचे हॉटस्पॉट तीन लाखांच्या आतच होते. मागणी असती तर एवढी तफावत राहिली नसती. तुमच्या गावात खरी अडचण खोऱ्यातल्या वाड्यांत रेंज नसण्याची आहे, आणि तिच्यासाठी टॉवरची मागणी लावून धरणे हा पंचायतीच्या वेळेचा अधिक चांगला उपयोग ठरेल.

वाचनकट्टा

मी एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे माझा दृष्टिकोन थोडा वेगळा आहे. हिशेबी यांनी रेल्वे स्थानकाचे उदाहरण दिले, पण स्थानकावर माणूस गाडीची वाट पाहतो आणि तेवढ्यापुरते वाय-फाय वापरतो. गावात ज्या कामांसाठी लोक अडतात ती कामे निराळ्या जातीची आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जाला पाच कागदपत्रे ठरावीक आकारात चढवावी लागतात, स्पर्धा परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशी पुनःपुन्हा अडकतो, पीकविम्याच्या पावतीची छापील प्रत लागते. ही कामे रोजच्या दीड जीबीत बसत नाहीत म्हणून अडतात असे नाही. ती लहान पडद्यावर, एकट्याने आणि कोणाला विचारता येत नसताना करावी लागतात म्हणून अडतात. एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि शेजारी बसलेले जाणते माणूस यांची जोड नसेल तर नुसत्या सिग्नलने यातले काहीच सुटत नाही.

दुसरे असे की ‘घरटी एक स्मार्टफोन’ म्हणताना तो फोन कोणाच्या खिशात असतो हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ग्रामीण भारतातील ज्या स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते त्यांचे प्रमाण २४.६ टक्के होते आणि पुरुषांचे ४८.७ टक्के. त्यानंतर फोन वाढले असतील, पण घरातला एकमेव चांगला फोन सकाळी कर्त्या पुरुषाबरोबर शेतावर किंवा कामावर जातो, ही रीत काही लगेच बदलत नाही. आता तुमच्या प्रस्तावातली ठिकाणे बघा: चावडीसमोर, देवळाचा पार, एसटी थांबा. संध्याकाळी सात वाजता यांपैकी कोणत्या जागी बारावीतली मुलगी तासभर निवांत बसू शकेल? ज्या जागी फक्त पुरुष बसतात त्या जागी लावलेले वाय-फाय कागदोपत्री सार्वजनिक असते, एवढेच.

फायबरजोड यांनी दुकानदाराची बाजू चांगली मांडली आहे, तरी मला ती अपुरी वाटते. दुकानदाराला दहा रुपयांचे पाकीट विकले जाण्याशी मतलब असणार, आणि त्यात गैर काही नाही. पण वीस मिनिटे बसून एखाद्या आजींचा निराधार योजनेचा अर्ज भरून देणे हा त्याचा धंदा नाही. गावात वाचनालय आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड वर्गांतली हजारो ग्रंथालये शासनाचे अनुदान घेतात. त्यांतली पुष्कळशी ‘ड’ वर्गातली, एका खोलीची आहेत. तुमच्याकडे तसे वाचनालय असेल तर पहिला ॲक्सेस पॉइंट तिथे लावा आणि संध्याकाळची वेळ दोन तासांनी वाढवा. नसेल तर प्राथमिक शाळेची एखादी खोली शाळा सुटल्यानंतर अभ्यासिका म्हणून उघडता येते. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सर्व सरकारी माध्यमिक शाळा आणि ग्रामीण प्राथमिक आरोग्य केंद्रांना भारतनेटमधून, म्हणजे पंचायतींना फायबरने जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेतून, ब्रॉडबँड देण्याची घोषणा झालेली आहे. तुमच्या पंचायतीच्या हद्दीत यांपैकी काही असेल तर मागणीपत्रात त्याचा उल्लेख आवर्जून करावा.

घाटमाथा

सर्वांचे आभार. वाचनकट्टाताई, वाचनालय आहे, ‘ड’ वर्गाचे, अंगणवाडीशेजारी. जागेबद्दलचा आपला मुद्दा मला पटला आणि तो मी महिला सदस्यांसमोर आधी मांडणार आहे. हिशेबी, टॉवरची मागणी आम्ही केली आहे, ती सोडणारही नाही, परंतु तोवर हातात असलेले फायबर वाया का घालवावे हा प्रश्न राहतोच.

आणखी दोन शंका आहेत. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात की वित्त आयोगाच्या निधीतून महिन्याचे बिल भरता येणार नाही. आणि कोणी सार्वजनिक वाय-फायवरून फसवणूक केली तर पोलीस पंचायतीला जबाबदार धरतील, अशी भीती उपसरपंचांना वाटते. यावर कोणी अधिकाराने सांगू शकेल का?

ट्रंककॉल

दूरसंचार खात्यात आणि नंतर त्याच क्षेत्रातील सार्वजनिक कंपनीत नोकरी करून मी निवृत्त झालो. मॅन्युअल एक्स्चेंजपासून फायबरपर्यंतचा काळ पाहिलेला असल्याने थोडे सविस्तर लिहितो. ज्यांना घाई असेल त्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचावेत.

तुमच्या कार्यालयातील पेटीची कथा ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू होते. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडण्यासाठी राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना तेव्हा मंजूर झाली आणि ती दोन वर्षांत पुरी करायचे ठरले. पहिल्या एक लाख पंचायती जोडून व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. दरम्यान योजनेचे नाव भारतनेट झाले होते. खर्च वाचवण्यासाठी बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवरग्रिड यांचे तालुक्यापासून आधीच गेलेले फायबर वापरायचे आणि जिथे ते संपते तिथून पंचायतीपर्यंतचा तुकडा नव्याने टाकायचा, अशी मूळ रचना होती. कागदावर ती शहाणपणाची होती. पण जुन्या फायबरचे आयुष्य, त्याची खोली, त्यावरचे सांधे यांचा दर्जा जागोजाग वेगळा होता, आणि मार्ग सरळ रेषेचा असल्यामुळे मध्ये एक घाव बसला की पुढची सगळी गावे एकदम अंधारात जात. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात ते महानेट या नावाने महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीकडे होते.

या सगळ्यातून सरकारने काय धडा घेतला ते ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात दिसते. त्याची रक्कम १,३९,५७९ कोटी रुपये आहे. त्यात सरळ रेषेऐवजी वर्तुळाकार जोडणी आहे, म्हणजे एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने मार्ग राहतो. दहा वर्षांची देखभाल करारातच धरलेली आहे आणि देखभालीचे पैसे सेवा प्रत्यक्ष किती वेळ चालू राहिली याच्याशी बांधलेले आहेत. पंचायतीपलीकडच्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना मागणीनुसार जोडण्याची तरतूदही त्यात आहे. ‘मागणीनुसार’ हा शब्द तुमच्या वाड्यांच्या दृष्टीने मोलाचा आहे. मागणी लेखी नोंदवलेली नसेल तर वाडी त्या यादीत कधी येणारच नाही. याच कार्यक्रमात स्थानिक उद्योजकाने पंचायतीपासून घरांपर्यंत फायबर न्यायचे आणि मासिक शुल्कात वाटा घ्यायचा, अशी भारतनेट उद्यमीची सोय आहे. तुमच्या दुकानदाराला केवळ हॉटस्पॉटपेक्षा यात अधिक उत्पन्न मिळू शकेल, आणि तो टिकण्याची शक्यताही त्यामुळे वाढेल.

माझ्या मते आपल्याकडे इंटरनेटच्या योजना गावात पोचल्यानंतर मरतात, त्या पैशाअभावी नव्हे. या खर्चासाठी निधी २००२ पासून आहे: दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या ५ टक्के रक्कम त्यात जमा होते, आणि २०२४ पासून त्याचे नाव डिजिटल भारत निधी आहे. पण हा निधी प्रामुख्याने केबल, टॉवर, यंत्रे यांवर खर्च होत आला. गावात ते यंत्र चालू ठेवणाऱ्या माणसाची तरतूद कायम दुय्यम राहिली. नळयोजनेची टाकी बांधून पूर्ण होते आणि पंपचालकाच्या मानधनावरून ती कोरडी राहते, तोच प्रकार इथे झाला. केरळने स्वतःचे केफॉन जाळे ५ जून २०२३ रोजी सुरू केले, वीज मंडळाचे खांब वापरल्यामुळे खोदाई बरीच वाचवली आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणीचे उद्दिष्ट जाहीर केले. तरी पहिल्या टप्प्यात प्रत्येक विधानसभा मतदारसंघात १००, म्हणजे एकूण १४ हजार कुटुंबांपासूनच सुरुवात करावी लागली. साक्षरता आणि प्रशासन दोन्ही बळकट असलेल्या राज्याचीही चाल इतकी सावध होती.

हिशेबी यांच्या आकड्यांविषयी एक पुस्ती जोडतो. एक कोटी हॉटस्पॉट झाले नाहीत याचे कारण मागणीचा अभाव एवढेच मानणे अपुरे आहे. दुकानदाराने घरगुती दराची फायबर जोडणी घेऊन ती लोकांना विकू नये, त्याने महागडी लीज्ड लाइनच (फक्त त्याच्यासाठी राखीव असलेली जोडणी) घ्यावी, असा कंपन्यांचा आग्रह होता. पाच-दहा रुपयांची पाकिटे विकून लीज्ड लाइनचे भाडे निघणे अशक्य. शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने दर-आदेश काढला: २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती योजना पीएम-वाणीच्या दुकानदाराला घरगुती दराच्या जास्तीत जास्त दुप्पट किमतीत दिलीच पाहिजे. म्हणजे पहिली साडेचार वर्षे ही योजना धंदा म्हणून उभीच राहू शकत नव्हती. तिचे यशापयश आता कुठे मोजता येईल.

निधीबाबत तुमच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे म्हणणे सावधपणाचे आहे, पण त्यात भेद केला पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या मार्च २०२६ पर्यंतच्या अनुदानात ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. उरलेला ४० टक्के अबंधित भाग संविधानाच्या अकराव्या अनुसूचीतील, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या, विषयांवर खर्च करता येत होता, मात्र वेतन आणि आस्थापनेवर नाही. त्या अनुसूचीत ग्रंथालये हा विषय स्वतंत्रपणे दिलेला आहे. म्हणून वाचनालयातील यंत्रे, बॅटरी, टेबल-खुर्च्या, वायरिंग हा भांडवली खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात ‘ग्रंथालय’ या शीर्षाखाली बसवणे सरळ होते; त्यानंतरच्या अनुदानाच्या अटी तेवढ्या तपासून घ्या. महिन्याचे बिल आणि माणसाचे मानधन मात्र पंचायतीच्या स्वनिधीतून किंवा दुकानदाराच्या उत्पन्नातील ठरलेल्या वाट्यातून यावे. मी असा वाटा घेण्याच्या बाजूचा आहे: पंचायतीने दुकानदाराला खांब, जागा आणि ना-हरकत द्यावी, त्याबदल्यात वाचनालयातील जोडणी त्याने विनामूल्य चालू ठेवावी. दुकानदाराच्या हाती सोय दिल्याचा आक्षेपही मग बोथट होतो.

उपसरपंचांची भीती निराधार नाही. भिंतीवर पासवर्ड लिहून ठेवलेले वाय-फाय कोणी गैरवापरासाठी वापरले तर तपास आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येतो. म्हणून मोबाईल क्रमांक आणि ओटीपीने ओळख पटवल्याशिवाय कोणालाही जोडू नये. पीएम-वाणीत हे काम आणि त्याच्या नोंदी पीडीओएकडे असतात, पंचायतीला स्वतः वही ठेवावी लागत नाही. खोऱ्यातल्या ज्यांच्या फोनवर ओटीपी येत नाही त्यांची पहिली नोंदणी गावठाणात करून घ्यावी.

हिशेबी

ट्रायच्या आदेशाचा मुद्दा मान्य, आकड्यांचा अर्थ त्याने बदलतो. तरीही पारावरच्या मोफत वाय-फायला माझा विरोध कायम आहे. वाचनालयासाठी खर्च झाला तर मला हरकत नाही.

फायबरजोड

ट्रंककॉल यांची अदलाबदलीची सूचना मला दुकानदार-पद्धतीपेक्षाही चांगली वाटते. ती ठरावात आणताना काही व्यावहारिक बाबी सुटू देऊ नका.

वीज: ओएनटी, राउटर आणि दोन ॲक्सेस पॉइंट मिळून सुमारे ४० वॅट धरा, म्हणजे अहोरात्र चालवले तरी महिन्याला २९ युनिटच्या आसपास. घरगुती इन्व्हर्टरची १५० एएचची एक चांगली बॅटरी हा भार जवळजवळ दिवसभर ओढते, मात्र त्यावर कार्यालयातले पंखे कोणी जोडता कामा नयेत. ते जोडले जातातच, म्हणून सॉकेट वेगळे आणि पेटी कुलपात ठेवा. तुमच्या भागात वळवाच्या पावसात विजा पडतात. फायबर काचेचे असल्यामुळे त्यातून वीज येत नाही, पण खांबावरच्या ॲक्सेस पॉइंटपासून खाली येणारी लॅन केबल तांब्याची असते आणि तिच्यावाटे आलेला झटका आतली सर्व यंत्रे जाळतो. स्वतंत्र अर्थिंग आणि लाट रोखणारे संरक्षक उपकरण दरपत्रकात आहे का, हे पाहिल्याशिवाय काम देऊ नका. बहुतेक दरपत्रकांत ते नसते.

आणि करारात ‘सेवा सुरळीत ठेवावी’ असे मोघम वाक्य न घालता बंद पडल्यापासून किती तासांत कोण येणार, त्याचा फोन क्रमांक वाचनालयाच्या दारावर लिहिलेला असणार का, आणि महिन्यातून किती तास बंद राहिल्यास वाटा किती वाढणार, एवढे स्पष्ट लिहा. ठरावाचा मसुदा आणि दरपत्रक हाती आले की नावे झाकून इथे द्या. यंत्रांची क्षमता आणि किमती मी तपासून सांगेन.